दुसरा स्लॉट

आप्पांचा आवाज चालू लेथच्या वरून ऐकू यायचा. हे मी कौतुकानं सांगत नाही. उचगावात आमच्या घराला लागूनच पत्र्याची शेड होती. तिच्यात एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि पंपाचे शाफ्ट करून घ्यायला आलेली माणसं. मशीन चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडायचंच, आणि मशीन बंद झालं तरी ती सवय जायची नाही. जेवताना मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. शिवाय आमच्या घरात दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची पद्धत नव्हती. समोरचा अर्धं बोलला की उरलेलं आपणच बोलून टाकायचं आणि वर त्यावरून भांडायचं. आप्पा यात सगळ्यांच्या पुढे. गिऱ्हाईक "मालक, शाफ्ट जरा" एवढं म्हणेपर्यंत हे "वाकलाय की पावणं, दिसतंय की मला" म्हणून मोकळे.

लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची. लाईट गेली की आप्पा मुद्दाम मलाच शेडमधून पाना आणायला पाठवायचे. मी उंबऱ्यावर अडखळले की आतून ओरडायचे, "भ्याचं काय हाय त्यात? अंदारात लेथ काय खातंय व्हय तुला?" मी जायची, चाचपडत पाना शोधायची आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायची. या माणसाला भीती नावाचा प्रकारच ठाऊक नाही, याबद्दल माझी खात्री होती.

त्यांचा आवाज गेला तो दोन हजार सालानंतर एखाद-दुसऱ्या वर्षी. आधी जीभ जड झाली. गल्लीत कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्यानं या वयात दारू धरली. मग घास अडकायला लागला, हातातून मायक्रोमीटर पडायला लागला. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा नसांचा आजार आहे, हळूहळू सगळे स्नायू सुटत जातील, औषध नाही. बुद्धी आणि कान मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतील. हे शेवटचं त्यांनी दिलासा दिल्यासारखं सांगितलं. मला त्या डॉक्टरांचा इतका राग आला की मी चपला घालायच्या विसरून रिक्षापर्यंत आले.

वर्ष सरता सरता आप्पा खाटेवर आले. आवाज पूर्ण गेला होता, मान धरत नव्हती, हात उचलत नव्हते. उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं हलायचं. लेथ विकला. तो ट्रॉलीत चढवताना आव्वानं, माझ्या आईनं, आप्पांच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं, पण साखळ्यांचा आवाज काय दारानं अडतो?

मग आमचा घरगुती कारभार सुरू झाला. आम्ही विचारायचं आणि आप्पांनी डोळे मिटायचे. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. पाणी हवं? कूस बदलू? पाय दुखतोय? यात दिवस निघायचा. पण आम्ही विचारू तेवढंच त्यांना सांगता यायचं. जे आम्हाला सुचणारच नाही ते सांगायला त्यांच्याकडे काही वाट नव्हती. आणि काहीतरी होतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. सगळे प्रश्न संपले तरी ते टक लावून बघत राहायचे.

मी अक्षरं म्हणून बघितली. क, ख, ग म्हणत जायचं, हवं ते अक्षर आलं की त्यांनी डोळे मिटायचे. डोकं लावून काढलेली युक्ती होती, पण ती चालवणारी माणसं आमच्या घरातली. आप्पा 'प'वर थांबले की काका शेजारच्या घरातून आल्या आल्या "पाणी", आव्वा "पाय", मी "पंखा". एकदा 'ल' आला. काकांनी "लेथ" म्हणून टाकलं आणि लेथ विकला ते कसं बरोबर होतं यावर आप्पांना बराच वेळ ऐकवलं. मला वाटलं लग्न. मी तिशीला टेकलेली, बिनलग्नाची, आणि मरायला टेकलेला बापही तेच विचारतोय या समजुतीनं मी उठूनच गेले. दुसऱ्या दिवशी 'ला'पर्यंत गाडी गेली. आव्वा म्हणाली, "लाईट?" आप्पांनी एकदा डोळे मिटले. झालं. आम्हाला काय आनंद. भर दुपारी ट्यूब लावली. काकांनी तर संध्याकाळी जुनी काढून नवी, जास्त उजेडाची ट्यूब बसवली. आप्पा अजून बघतच होते, पण आमच्या मते तो विषय मिटला होता.

एक गोष्ट मात्र आम्हाला बिनचूक कळायची, असं आम्ही धरून चाललो होतो. रोज आव्वा जेवणखाण आवरून खोलीतला दिवा मालवायला बटणाकडे गेली की आप्पा घशातून एक आवाज काढायचे. लांब, खालच्या पट्टीतला. आव्वा म्हणायची, "बगा, झोपा आता म्हणत्यात." आणि बटण दाबायची. ती पुढच्या सोप्यात, त्यांच्या दाराशीच झोपायची. तो आवाज ऐकून तिला बरं वाटायचं. सबंध दिवसात नवऱ्यानं तिच्याशी काढलेला तो एकच शब्द होता.

मी राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. पोरांना फॉर्म, बटणं आणि टायमर कसे लावायचे ते शिकवता शिकवता माझ्या डोक्यात आलं की आप्पांना असा एक प्रोग्रॅम करून द्यावा. पडद्यावर अक्षरांच्या ओळी. एकेक ओळ आपोआप उजळत जाईल. हवी ती ओळ आली की आप्पांनी माउस दाबायचा. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर उजळेल, पुन्हा दाबायचं. काना, मात्रा, वेलांटी यांची वेगळी ओळ. बोट उचलायचं नाही, फिरवायचं नाही, फक्त दाबायचं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मशीन मध्ये तोंड घालत नाही. कॉम्प्युटरला 'प' दिला तर तो पुढच्या अक्षराची वाट बघत बसतो. आमच्या घरात हे कुणालाच जमत नव्हतं.

क्लासनं अडगळीत टाकलेला एक जुना कॉम्प्युटर मला नेऊ दिला. तो मी शिकवायला लागले तेव्हाही जुनाच होता. पिवळा पडलेला, पंखा घरघरणारा. नवीन घेण्याची आमची ऐपत नव्हती आणि ती चर्चाही मी केली नाही. रिक्षातून तो उचगावला आणला, आप्पांच्या खाटेशेजारी स्टुलावर मांडला, त्यांच्या तळव्याखाली लाकडी ठोकळ्यावर माउस बसवला आणि प्रोग्रॅम चालू केला.

तो चालेना. म्हणजे चालायचा, पण रखडत. त्या मशीनला मेमरी इतकी थोडी की विंडोज उघडण्यातच तिची दमछाक व्हायची. हार्ड डिस्क खरखरायला लागली की उजळलेलं अक्षर जागच्या जागी अडकायचं आणि मग एकदम दोन अक्षरं पुढे उडी मारायचं. आप्पांनी 'क'वर दाबलं तरी पडायचा 'ग'. ते पुसायचं बटण मी ठेवलं होतं, पण तेही असंच उडी मारायचं. दोन-तीन दिवस त्यांनी धीर धरला. मग बोट हलवायचंच सोडलं आणि डोळे मिटून घेतले. ते डोळे मिटणं म्हणजे हो की नाही, हे मी विचारलं नाही.

उपाय सरळ होता. मदरबोर्डवर मेमरीसाठी दोन स्लॉट होते, त्यातला एक भरलेला, एक रिकामा. रिकाम्यात दुसरी पट्टी घातली की काम झालं. पण तसल्या पट्ट्या बाजारातून केव्हाच गेल्या होत्या. जुनं कॉम्प्युटर सामान विकणाऱ्या एकाकडे पाच-सहा खेपा घातल्यावर त्यानं डब्यातून एक शोधून दिली. माझ्याकडे होती तेवढ्याच मापाची. मोठी नव्हती, पण दोन्ही मिळून दुप्पट होणार होतं, आणि तेवढं मला पुरेसं होतं.

संध्याकाळी मी कॅबिनेटचा पत्रा काढून ठेवला. आव्वा आप्पांना पेज भरवत होती. तिनं तिथूनच विचारलं की नवीन पार्ट कुठं बसणार. मी बोटानं रिकामा स्लॉट दाखवला. तिनं मान पुढे काढून नीट बघून घेतलं. इतक्यात काकू जोगवा मागायला आल्या, बसल्या, बोलत बसल्या, आणि पट्टी बसवायचं सकाळवर गेलं.

सकाळी खंडेनवमी होती. लेथ गेल्यानंतरची ही पहिली. आव्वानं तिचं शिलाई मशीन पुसलं, आप्पांची जपून ठेवलेली दोन-चार हत्यारं पाटावर मांडली, सगळ्यांना विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूची फुलं ठेवली. कॉम्प्युटरच्या मॉनिटरवरही तीन पांढरे पट्टे आणि वर फूल दिसलं. पूजा झाल्यावर पट्टी घेतली, तिरकी धरून स्लॉटमध्ये टेकवली, उभी केली. दोन्हीकडच्या क्लिपा कट्‌ करून बसल्या. बटण दाबलं.

तीन बीप. पडदा काळा.

मेमरी नीट नाही, असा त्याचा अर्थ. पट्टी काढली, पुन्हा बसवली. तीन बीप. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासून लख्ख केले. तीन बीप. मग जुनी पट्टी काढून पहिल्या स्लॉटमध्ये नवी घालून बघितली, तर कॉम्प्युटर निमूटपणे चालू झाला. म्हणजे पट्टी चांगली. जुनी दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, की बीप. म्हणजे दुसऱ्या स्लॉटमध्ये काहीही घाला, रडणं ठरलेलं. बोर्डावरचे जम्पर बघितले, सेटिंग सगळं पहिल्यासारखं करून बघितलं, कुणीतरी सांगितलं म्हणून पॉवर सप्लायही बदलून बघितला. आत राखाडी धूळ होतीच, जुन्या मशीनमध्ये असते तशी. तिच्यावर ब्रश फिरवला, फुंकर मारली. काही फरक नाही. शेवटी मी स्वतःला पटवलं की या बोर्डाचा दुसरा स्लॉट जन्मापासूनच मेलेला असणार. तो कधी कुणी वापरलाच नव्हता, त्यामुळे कुणाला कळलं नव्हतं.

इकडे बोटातला जोर चालला होता. रोज क्लासवरून आले की मी आधी आप्पांच्या तळव्याखाली माझा हात ठेवायची आणि म्हणायची, दाबा. सुरुवातीला ते दाबणं स्पष्ट कळायचं. मग दाबण्याआधी थोडा वेळ लागायला लागला. मग बोट नुसतं थरथरायचं आणि माझ्या तळहाताला गुदगुली झाल्यासारखं वाटायचं. मी माउस उघडून त्याच्या बटणाखालची पट्टी कानशीनं घासून पातळ केली, म्हणजे नुसत्या भारानं दबावं. आप्पा ते बघत होते. कानस कशी धरायची ते त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि मी उलटी धरली आहे हे त्यांना दिसत असणार. ओरडण्याची सोय नव्हती.

सामानवाला म्हणाला, असला स्लॉट बदलता येत नाही, सगळा बोर्डच बदलायचा. तसला बोर्ड मिळणार कुठं? मी ओळखीपाळखीत विचारत सुटले. पेठ वडगावात एकाचा क्लास बंद पडला होता आणि त्याच्याकडे अगदी याच जातीचं मशीन गोठ्याच्या माळ्यावर पडून आहे असं कळलं. क्लासला दांडी मारून मी वडगावची एस.टी. पकडली. त्या गृहस्थांनी मशीन खाली काढलं, कडबा झटकला, बोर्ड सोडवून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. कशासाठी हवा ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यानंतर ते चहा घ्या म्हणाले.

घरी येऊन मी कॉम्प्युटर जमिनीवर आडवा घातला आणि जुन्या बोर्डाचे स्क्रू काढायला घेतले. आव्वा खाटेच्या कडेला बसून आप्पांच्या पाठीला स्पिरिट लावत होती. मी एकेक वायर उपटतेय हे बघून तिचा हात थांबला. सगळंच का काढतेस म्हणाली. मी वैतागून सांगितलं की हा दुसरा स्लॉट मेलेला आहे, पहिल्यापासूनच मेलेला आहे, त्याच्यात कधी काही गेलेलंच नाही.

"गेल्यालं हाय," आव्वा म्हणाली.

मी वर बघितलं.

"म्या लावलीती की विभूती. खंडेनवमीला. ओली करून, बोटानं आत."

आप्पांच्या शेडमध्ये ही रीत होती, मी ती डोळ्यांनी बघत मोठी झाले होते. दुसरे लोक मशीनच्या पत्र्याला गंध लावायचे. आप्पांना ते पटायचं नाही. ते लेथच्या चकमध्ये, जॉब जिथं धरला जातो त्या जबड्यांच्या आत, ओल्या विभूतीची तीन बोटं ओढायचे. यंत्राचं अंग पूजून काय उपयोग, काम होतं ती जागा पूजायची, असं त्यांचं म्हणणं. लेथ विकल्यावर ती रीत त्यांची बायको पाळत होती. जागा तिला मीच बोटानं दाखवली होती. वर सांडलेली विभूती तिनं पदरानं पुसून काढली होती, मी चिडेन म्हणून. आत गेली ती वाळून बसली होती आणि मी तिला धूळ समजत होते.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बोट जातंय, दिवस जातायत आणि तू राख भरून ठेवलीस, असलं बरंच काही. इतक्यात खाटेवरून आवाज आला. आप्पांची छाती हलत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घशातून खर्र खर्र आवाज येत होता. आधी मी घाबरले. मग लक्षात आलं की ते हसतायत. चकमध्ये विभूती लावायला शिकवलेली बायको, आणि कॉम्प्युटर उघडून बसलेली हुशार लेक. यांच्यात काय झालं ते त्यांना आमच्याआधी कळलं होतं. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि आम्ही दोघींनी त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळली, लाळ पुसली. त्यानंतर मला आव्वावर रागावता आलं नाही. त्यांना हसताना मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

त्यांच्या पाठीचंच स्पिरिट घेतलं. शिलाई मशीनला तेल घालायचा बारीक ब्रश घेतला. स्लॉटच्या एकेका पिनेवर स्पिरिट सोडत, टाचणीनं वाळलेला लगदा उकरत मी संध्याकाळपर्यंत बसले. आव्वा बॅटरी धरून उभी होती. तिचा हात भरून आला की ती बॅटरी दुसऱ्या हातात घ्यायची. शेवटी बोर्ड परत जागेवर बसवला, दोन्ही पट्ट्या घातल्या, बटण दाबलं. एक बीप. पडद्याच्या कोपऱ्यात मेमरी मोजणारा आकडा टिकटिक करत वर चढायला लागला, रोज जिथं थांबायचा तिथं पोचला आणि थांबला नाही. पुढे गेला.

मी कपाळाला हात लावून खाली बसले. वडगावचा बोर्ड वर्तमानपत्रातच राहिला.

दुसरा दिवस रविवार होता. आप्पांना अंघोळ घालून, उशा लावून बसवलं, बोटाखाली माउस दिला. काका आले होते. मी काकांना आणि आव्वाला बजावलं की कुणी मध्ये बोलायचं नाही, अंदाज करायचा नाही, सुचलं तरी गिळायचं. काकांनी तोंडात तंबाखूच भरली.

प्रोग्रॅम आता गुळगुळीत चालत होता. ओळ उजळायची, थांबायची, पुढे जायची. बोट तेवढं मागे पडलं होतं. हवी ती ओळ आली की त्यांचे डोळे मोठे व्हायचे आणि बोटाला ते कळेपर्यंत ओळ निघून जायची. मी वेग कमी केला. आणखी कमी केला. मग पहिलं अक्षर पडलं. 'ल'. काकांची मान हलली, पण तंबाखूमुळे ते गप्प राहिले. मग काना. मग 'ई'. मग 'ट'.

लाईट. तो शब्द आम्हाला आधीच मिळालेला होता. ट्यूब चालूच होती. आव्वानं माझ्याकडे बघितलं; मी बोट ओठांवर ठेवलं. आप्पांनी थोडी विश्रांती घेतली. मग 'ब', टिंब, 'द'.

लाईट बंद.

आव्वा लगेच उठली. बटणाकडे गेली आणि हातही वर केला.

"थांब," मी म्हणाले. "त्यांचं संपलेलं नाही."

ती तशीच भिंतीपाशी उभी राहिली. 'क' पडला, 'र' पडला. आप्पांचं कपाळ घामानं भिजलं होतं. काकांनी पुसायला टॉवेल उचलला, पण मध्ये यायला नको म्हणून हातातच धरून ठेवला. दुपार सरत गेली. एकदा चुकीचं अक्षर पडलं, ते त्यांनी स्वतः पुसलं. मला मध्ये हात घालावासा वाटला. मी मांडीखाली हात दाबून बसले. आणि शेवटी पडद्यावर उभं राहिलं ते हे.

लाईट बंद करू नका. भ्या वाटतंय.

आमच्या घरात अशी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. आव्वाचा हात अजून बटणापाशी होता. तो तिनं हळूच खाली घेतला, जणू बटणाला धक्का लागू नये. मग ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. मला तिचा चेहरा बघून कळलं की तिला काय आठवलंय, कारण मलाही तेच आठवलं होतं. रोजचा तो लांब, खालच्या पट्टीतला आवाज.

"रोज मीच बटण दाबत हुतो," ती म्हणाली. "बोंबलत हुते त्ये. आन्‌ मी बटण दाबत हुतो."

मी आप्पांना विचारलं की अजून काही सांगायचंय का. लेथबद्दल, घराबद्दल, माझ्याबद्दल. त्यांनी दोनदा डोळे मिटले. नाही. एवढंच होतं. बाकी सगळं आमच्या डोक्यातलं होतं. ज्या माणसानं मला अंधारात पाना आणायला धाडलं, तो कित्येक महिने रोज अंधारात हालचाल न करता पडून होता आणि त्याला भीती वाटत होती. ही गोष्ट डोळे मिटून उत्तर द्यायच्या आमच्या प्रश्नांत कधी आली नव्हती, आलीही नसती. मला त्या दिवशी रडू आलं नाही. मला सगळ्या जगाचा राग आला आणि त्यात मीही होते.

त्या दिवसापासून खोलीतली ट्यूब मालवली नाही. लाईट जायचीच, तेव्हा तर नेम नसायचा. त्यासाठी आव्वानं ती स्लॉट साफ करताना धरलेली बॅटरी आप्पांच्या उशाशी ठेवली. लाईट गेली की ती पहिल्या ओरडण्याआधी उठून बॅटरी लावायची आणि त्यांच्या छातीवर अशी ठेवायची की उजेड छतावर पडावा. तो आवाज आप्पांनी पुन्हा काढला नाही. दिवाळीपर्यंत बोटही गेलं. कॉम्प्युटर स्टुलावर तसाच चालू असायचा, अक्षरं उजळत जायची, कुणी दाबायचं नाही. मग मी तो बंद केला.

संक्रांतीनंतर थंडीत आप्पा गेले. दुपारी, ऊन खोलीत असताना.

आम्हा लिंगायतांत दहन नाही. बसवून पुरतात. बायका बहुधा घरून निरोप देतात. दुसऱ्या दिवशी आव्वा थांबली नाही, मागोमाग रुद्रभूमीपर्यंत आली आणि मी तिच्यामागे. आप्पांना खड्ड्यात बसवलं, अंगाला विभूती लावली, बेल वाहिला. काका आणि भावकीतली माणसं माती लोटायला वाकली तेवढ्यात आव्वा पुढे झाली. तिनं पदराखालून ती बॅटरी काढली, लावली आणि खाली उतरलेल्या माणसाकडे दिली. मांडीवर ठेवा म्हणाली. भावकीत चुळबुळ झाली. असलं काही ठेवत नाहीत, असं एक जण म्हणाला. विधी सांगणाऱ्या स्वामींनी तिला विचारलं, हे काय?

"लाईट हाय त्येंची," आव्वा म्हणाली. "बंद करू नका."

स्वामींनी होकाराची मान हलवली. बॅटरी आप्पांच्या मांडीवर ठेवली गेली, त्यांच्या हनुवटीखाली उजेड पडला, आणि मग माती पडायला लागली. आव्वानं माझा दंड धरला. सेल किती वेळ चालतील, हे तिनं मला विचारलं नाही. मला ते अगदी बरोबर सांगता आलं असतं. सकाळी तिनं बॅटरी पदराखाली घेण्याआधी मीच तिच्यात नवे सेल घातले होते.